एफएससीके

एफएससीके ही युनिक्स आणि युनिक्ससदृश ऑपरेटिंग सिस्टिमांमधील एक आज्ञावली असून डिस्कवरील फाइल प्रणालीची अंतर्गत सुसंगती तपासणे आणि आढळलेल्या विसंगती दुरुस्त करणे हे तिचे कार्य आहे. हे नाव 'फाइल सिस्टिम चेक' या शब्दांचा संक्षेप आहे. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी, सोलारिस आणि मॅकओएस या प्रणालींमध्ये ती निरनिराळ्या रूपांत आढळते. विंडोजमधील चेकडिस्क ही आज्ञावली साधारण हेच काम करते.

वीजपुरवठा अचानक खंडित झाला, कर्नल मध्येच बंद पडला किंवा डिस्क, केबल अथवा नियंत्रक यांत दोष निर्माण झाला, तर फाइल प्रणालीतील नोंदी परस्परांशी जुळेनाशा होतात. अशा घटनेनंतर संगणक पुन्हा सुरू होताना एफएससीके सहसा आपोआप चालते. दोष गंभीर असल्यास प्रणाली व्यवस्थापकाला ती हाताने चालवावी लागते. एफएससीके फाइल प्रणालीची रचना सुसंगत करते, मात्र फाइलींतील मजकूर परत मिळवून देण्याची हमी देत नाही. बिघडत चाललेल्या डिस्कवर ती घाईने चालवल्यास वाचू शकला असता असा मजकूरही नष्ट होण्याचा धोका असतो. त्यामुळे दोष हार्डवेअरचा आहे, फाइल प्रणालीचा आहे की केवळ मांडणीतील चुकीचा आहे, हे ठरवणे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

## पार्श्वभूमी

### फाइल प्रणालीची रचना

युनिक्स परंपरेतील फाइल प्रणालीत फाइलचे नाव, तिच्याविषयीची माहिती आणि तिचा मजकूर या तीन गोष्टी डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. मजकूर ठरावीक आकाराच्या ब्लॉकांमध्ये ठेवला जातो. एक्स्ट४ या लिनक्सवरील प्रचलित फाइल प्रणालीत ब्लॉकचा आकार बहुधा ४,०९६ बाइट असतो. फाइलचा आकार, मालकी, परवानग्या, वेळेच्या नोंदी आणि मजकूर कोणकोणत्या ब्लॉकांत आहे याचा तपशील 'आयनोड' नावाच्या नोंदीत असतो. फाइलचे नाव मात्र आयनोडमध्ये नसते. ते डिरेक्टरीत असते; डिरेक्टरी म्हणजे नावे आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची यादी होय. एकाच आयनोडला एकाहून अधिक नावे असू शकतात, म्हणून त्याच्याकडे किती नावे निर्देश करतात ही संख्याही आयनोडमध्ये लिहिलेली असते. तिला दुवासंख्या म्हणता येईल.

कोणते ब्लॉक व आयनोड वापरात आहेत आणि कोणते मोकळे आहेत, हे बिटमॅपमध्ये नोंदलेले असते. संपूर्ण फाइल प्रणालीचा आकार, ब्लॉकचा आकार, मोकळ्या जागेची एकूण संख्या आणि फाइल प्रणाली व्यवस्थित बंद झाली होती की नाही याची खूण सुपरब्लॉकमध्ये असते. मजकूर वगळता या सर्व नोंदींना मिळून मेटाडेटा म्हणतात.

या रचनेत एकच वस्तुस्थिती अनेकदा दोन ठिकाणी नोंदलेली असते. एखादा ब्लॉक वापरात असल्याचे आयनोडवरूनही कळते आणि बिटमॅपवरूनही. फाइलला दोन नावे असल्याचे डिरेक्टऱ्या मोजूनही कळते आणि दुवासंख्येवरूनही. एफएससीकेची तपासणी या दुहेरी नोंदींवर आधारलेली आहे. ग्रंथालयातील ग्रंथपडताळणीत दाखल नोंदवही, तालिका आणि कपाटातील प्रत्यक्ष पुस्तके यांचा ताळा घेतला जातो, तसाच ताळा ही आज्ञावली आयनोड, डिरेक्टऱ्या आणि बिटमॅप यांच्यात घेते. पुस्तकातील पाने फाटली आहेत की नाही हे जसे पडताळणीत पाहिले जात नाही, तसा फाइलमधील मजकूर बरोबर आहे की नाही हे एफएससीके पाहत नाही.

### विसंगती कशी निर्माण होते

नवी फाइल तयार करणे ही वापरकर्त्याच्या दृष्टीने एकच क्रिया असली तरी डिस्कवर तिच्यासाठी अनेक ठिकाणी लिहावे लागते. आयनोडच्या बिटमॅपमध्ये एक खूण करावी लागते, आयनोड भरावा लागतो, डिरेक्टरीत नाव घालावे लागते, मजकुरासाठी ब्लॉक राखून ठेवावे लागतात आणि मोकळ्या जागेची संख्या कमी करावी लागते. या नोंदी डिस्कवर एकाच क्षणी पोहोचत नाहीत. कर्नल त्या काही काळ स्मृतीत साठवून ठेवतो आणि डिस्कही त्या आपल्या अंतर्गत कॅशमध्ये ठेवू शकते. या अवधीत वीज गेली, तर काही नोंदी लिहिल्या जातात व काही राहून जातात.

काय राहून गेले यावर विसंगतीचे स्वरूप अवलंबून असते:

* आयनोड भरला गेला पण डिरेक्टरीत नाव आले नाही, तर फाइल डिस्कवर असूनही कोणत्याही मार्गाने सापडत नाही. अशा आयनोडला अनाथ आयनोड म्हणतात.
* नाव लिहिले गेले पण आयनोड भरला गेला नाही, तर ते नाव रिकाम्या किंवा जुन्या नोंदीकडे निर्देश करते.
* वापरात नसलेला ब्लॉक बिटमॅपमध्ये व्यापलेला दिसला, तर थोडी जागा वाया जाते; मजकुराची हानी होत नाही.
* वापरात असलेला ब्लॉक बिटमॅपमध्ये मोकळा दिसला, तर तो दुसऱ्या फाइलला दिला जाऊ शकतो आणि पहिल्या फाइलचा मजकूर पुसला जातो.

यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे, कारण फाइल प्रणाली वरवर व्यवस्थित चालू राहते आणि प्रत्येक नव्या लेखनाबरोबर हानी वाढत जाते. म्हणूनच संशयास्पद फाइल प्रणाली तपासल्याशिवाय लिहिण्यासाठी खुली करू नये, असा संकेत आहे.

## इतिहास

बेल लॅब्समध्ये विकसित झालेल्या युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये हे काम अनेक लहान आज्ञावलींत विभागलेले होते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ब्लॉकांचा हिशेब तपासण्यासाठी आयचेक, डिरेक्टऱ्यांतील दुव्यांची मोजणी करण्यासाठी डीचेक आणि आयनोड क्रमांकावरून फाइलचे नाव शोधण्यासाठी एनचेक या आज्ञा होत्या. सदोष आयनोड पुसून टाकण्यासाठी सीएलआरआय ही आज्ञा वापरली जाई. कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने चालवायची आणि निष्कर्षाचा अर्थ कसा लावायचा, हे व्यवस्थापकालाच ठरवावे लागे.

ही कामे एकत्र करून क्रमाने पार पाडणारी एफएससीके ही आज्ञावली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्समधील टेड कोवाल्स्की यांनी लिहिली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली येथे मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी 'फास्ट फाइल सिस्टिम' ही नवी फाइल प्रणाली तयार केली आणि तिच्यासाठी एफएससीकेमध्ये फेरबदल केले. १९८३ च्या ४.२बीएसडी या आवृत्तीत ही प्रणाली समाविष्ट होती. जुन्या प्रणालीत सुपरब्लॉकची एकच प्रत असे आणि ती खराब झाल्यास सर्व माहिती हाताबाहेर जाई. नव्या प्रणालीत सुपरब्लॉकच्या राखीव प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवल्या जाऊ लागल्या. मेटाडेटा ठरावीक क्रमाने लिहिण्याची दक्षताही घेतली गेली, जेणेकरून मध्येच लेखन थांबले तरी एफएससीकेला दुरुस्त करता येईल अशीच विसंगती शिल्लक राहावी.

लिनक्ससाठी १९९३ मध्ये रेमी कार्ड यांची एक्स्ट२ ही फाइल प्रणाली आली. तिच्यासाठी आणि तिच्यानंतरच्या एक्स्ट३ व एक्स्ट४ साठी वापरली जाणारी ई२एफएससीके ही आज्ञावली थिओडोर त्सो यांच्या देखरेखीखालील ई२एफएसप्रॉग्ज या संचाचा भाग आहे.

## तपासणीचे टप्पे

ई२एफएससीकेची तपासणी पाच टप्प्यांत होते. बर्कलीच्या मूळ आज्ञावलीतील टप्पेही साधारण असेच आहेत.

१. आयनोड, ब्लॉक आणि आकार: प्रत्येक आयनोड वाचून त्यातील नोंदी शक्य कोटीतील आहेत का हे पाहिले जाते. कोणते ब्लॉक कोणत्या आयनोडने व्यापले आहेत याचा स्वतंत्र नकाशा स्मृतीत तयार होतो. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी हक्क सांगितल्यास प्रत्येकीसाठी ब्लॉकची स्वतंत्र प्रत करण्याची तरतूद आहे. सर्वाधिक वेळ सहसा या टप्प्याला लागतो.

२. डिरेक्टऱ्यांची रचना: प्रत्येक डिरेक्टरीतील नावे वैध आहेत का आणि ती अस्तित्वात असलेल्या आयनोडकडे निर्देश करतात का, हे तपासले जाते.

३. डिरेक्टऱ्यांची जोडणी: प्रत्येक डिरेक्टरीपासून वर जात मूळ डिरेक्टरीपर्यंत पोहोचता येते का, हे पाहिले जाते. तुटलेली डिरेक्टरी 'लॉस्ट+फाउंड' या खास डिरेक्टरीत आणून ठेवली जाते.

४. दुवासंख्या: डिरेक्टऱ्यांमध्ये प्रत्यक्ष आढळलेली नावे आणि आयनोडमधील दुवासंख्या यांचा मेळ घातला जातो. एकही नाव नसलेल्या फाइली लॉस्ट+फाउंडमध्ये जातात.

५. एकूण हिशेब: पहिल्या टप्प्यात तयार झालेला नकाशा डिस्कवरील बिटमॅपशी ताडून पाहिला जातो आणि मोकळ्या जागेची संख्या दुरुस्त केली जाते.

हा क्रम सहेतुक आहे. पुढील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात विश्वासार्ह ठरलेल्या माहितीवर उभा असतो.

लॉस्ट+फाउंडमध्ये आलेल्या फाइलींची मूळ नावे हरवलेली असतात, कारण नाव डिरेक्टरीत असते आणि नेमकी तीच नोंद नाहीशी झालेली असते. त्यामुळे त्यांना आयनोड क्रमांकावरून नाव दिले जाते. फाइलचा प्रकार, आकार, मालक आणि दिनांक पाहून तिची ओळख पटवावी लागते. ही डिरेक्टरी फाइल प्रणाली तयार होतानाच बनवलेली असते. दुरुस्तीच्या वेळी सदोष डिस्कवर नवी जागा शोधावी लागू नये, हा त्यामागील हेतू आहे.

## वापर

लिनक्सवर एफएससीके ही प्रत्यक्षात एक दर्शनी आज्ञा आहे. ती फाइल प्रणालीचा प्रकार ओळखून त्या प्रकारासाठी असलेली आज्ञावली चालवते. ई२एफएससीकेच्या प्रमुख पर्यायांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत:

* एन: काहीही न बदलता केवळ तपासणी. सर्व प्रश्नांना 'नाही' असे उत्तर धरले जाते.
* पी: निर्धोकपणे करता येतील तेवढ्याच दुरुस्त्या आपोआप. मानवी निर्णयाची गरज असलेली विसंगती आढळल्यास आज्ञावली थांबते.
* वाय: सर्व प्रश्नांना 'होय' असे उत्तर.
* एफ: फाइल प्रणालीवर व्यवस्थित बंद झाल्याची खूण असली तरी संपूर्ण तपासणी.
* बी: मुख्य सुपरब्लॉक खराब असल्यास दिलेल्या क्रमांकाच्या ब्लॉकमधील राखीव प्रत वापरणे.

एक्स्ट४ मध्ये ब्लॉकचा आकार ४,०९६ बाइट असल्यास सुपरब्लॉकची पहिली राखीव प्रत साधारणतः ३२,७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये असते. १,०२४ बाइटच्या ब्लॉकसाठी हा क्रमांक ८,१९३ असतो.

काम संपल्यावर आज्ञावली एक निर्गमन संकेतांक परत करते. ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, २ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक, ४ म्हणजे दोष शिल्लक आहेत, ८ म्हणजे तपासणी पार पाडतानाच अडचण आली, १६ म्हणजे आज्ञा चुकीची दिली गेली आणि ३२ म्हणजे वापरकर्त्याने तपासणी थांबवली. एकाहून अधिक गोष्टी घडल्यास हे अंक एकत्र होतात. उदाहरणार्थ, ३ म्हणजे दोष दुरुस्त झाले असून संगणक पुन्हा सुरू करावा.

### माउंट केलेल्या फाइल प्रणालीवर दुरुस्ती

फाइल प्रणाली डिरेक्टरीवृक्षाला जोडून वापरासाठी खुली करण्याला माउंट करणे म्हणतात. लिहिण्यासाठी माउंट केलेल्या फाइल प्रणालीवर एफएससीकेने दुरुस्ती करणे अत्यंत धोक्याचे असते. कर्नलने मेटाडेटाची एक प्रत स्मृतीत ठेवलेली असते आणि एफएससीकेने डिस्कवर केलेले बदल त्याला ठाऊक नसतात. तो आपली जुनी प्रत पुन्हा डिस्कवर लिहितो आणि दोघांच्या लेखनातून पूर्वी नसलेली विसंगती निर्माण होते. अशा फाइल प्रणालीवर केवळ तपासणी केली तरी निष्कर्ष भरवशाचे नसतात, कारण वाचन चालू असतानाच नोंदी बदलत असतात. म्हणून फाइल प्रणाली आधी अनमाउंट केली जाते. मूळ फाइल प्रणालीच्या बाबतीत संगणक दुसऱ्या माध्यमावरून सुरू केला जातो.

## प्रारंभकाळातील तपासणी आणि एफएसटॅब

संगणक सुरू होताना कोणती फाइल प्रणाली तपासायची हे /ईटीसी/एफएसटॅब या फाइलवरून ठरते. तिच्यातील प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात: उपकरण, माउंट करण्याचे ठिकाण, फाइल प्रणालीचा प्रकार, माउंटचे पर्याय, डंप या बॅकअप आज्ञेसाठीचा अंक आणि तपासणीचा क्रम. शेवटच्या रकान्यात मूळ फाइल प्रणालीसाठी १, इतरांसाठी २ आणि तपासणी नको असल्यास ० लिहिण्याची पद्धत आहे.

सर्व्हर सुरू न होण्याची अनेक कारणे याच फाइलमध्ये असतात आणि ती डिस्कच्या बिघाडासारखी भासतात. त्यांतील नेहमी आढळणारी पुढीलप्रमाणे:

* उपकरणाचे बदललेले नाव: /डेव्ह/एसडीए, /डेव्ह/एसडीबी ही नावे डिस्क ओळखल्या जाण्याच्या क्रमावर अवलंबून असतात. नवी डिस्क बसवल्यावर हा क्रम बदलू शकतो. यासाठी नावाऐवजी फाइल प्रणालीचा यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, लिहिणे श्रेयस्कर असते.
* काढून घेतलेली डिस्क: एफएसटॅबमध्ये नोंद असलेली डिस्क न सापडल्यास सिस्टिमडी वापरणारा सर्व्हर सहसा ९० सेकंद वाट पाहतो आणि नंतर आपत्कालीन स्थितीत थांबतो. अत्यावश्यक नसलेल्या डिस्कसाठी 'नोफेल' हा पर्याय लिहिल्यास असे होत नाही.
* विभाजनाऐवजी संपूर्ण डिस्क: फाइल प्रणाली डिस्कच्या पहिल्या विभाजनावर असताना संपूर्ण डिस्कचे नाव दिल्यास सुपरब्लॉक सापडत नसल्याचा संदेश येतो. येथे काहीही बिघडलेले नसते. पत्ता चुकलेला असतो.
* रेडचा घटक: डिस्क रेड संचाचा किंवा एलव्हीएमचा घटक असल्यास फाइल प्रणाली त्या संचाच्या वरच्या थरात असते. घटक डिस्कवर थेट दुरुस्ती केल्यास संचातील प्रतींमध्ये तफावत पडते.

या प्रकरणांत एफएससीके चालवणे निरुपयोगी आणि क्वचित हानिकारक ठरते. सुपरब्लॉकविषयीचा संदेश पाहून नवी फाइल प्रणाली तयार करण्याची आज्ञा देणे तर सर्वनाशी असते. कोणत्या उपकरणावर काय आहे हे एलएसबीएलके आणि बीएलकेआयडी या आज्ञांनी डिस्कवर काहीही न लिहिता पाहता येते. एफएसटॅबमध्ये बदल केल्यावर तो बरोबर आहे की नाही हे सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वीच फाइंडमाउंट या आज्ञेच्या 'व्हेरिफाय' पर्यायाने तपासता येते.

## हार्डवेअरमधील दोष

विसंगतीचे मूळ पुष्कळदा फाइल प्रणालीखालील थरांत असते. तेथील दोष दूर न करता केलेली दुरुस्ती टिकत नाही. काही दिवसांनी त्याच फाइल प्रणालीत नव्या विसंगती दिसू लागतात. एक्स्ट४ मध्ये त्रुटी आढळल्यावर फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी खुली ठेवावी, अशी तरतूद करता येते. चालू सर्व्हरवर अचानक काहीच लिहिता येईनासे होणे हे म्हणूनच अनेकदा डिस्कच्या बिघाडाचे पहिले दृश्य लक्षण असते.

पहिला पुरावा कर्नलच्या नोंदींत मिळतो. डीमेसेज या आज्ञेने त्या वाचता येतात. फाइल प्रणालीच्या विसंगतीच्या संदेशांआधी त्याच डिस्कसाठी वाचन-लेखनाच्या त्रुटी, वेळ संपल्याच्या नोंदी किंवा जोडणी पुन्हा प्रस्थापित केल्याच्या नोंदी असतील, तर संशय हार्डवेअरवर जातो.

दुसरा पुरावा डिस्कच्या स्मार्ट या स्वनिरीक्षण यंत्रणेकडून मिळतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने तिची माहिती वाचतात. साटा डिस्कच्या बाबतीत पुढील नोंदी विशेष महत्त्वाच्या आहेत:

* ५ क्रमांक: खराब ठरवून राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या.
* १९७ क्रमांक: वाचता न आलेले आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर.
* १९८ क्रमांक: डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर.
* १९९ क्रमांक: डिस्क आणि नियंत्रक यांच्यातील वहनात झालेल्या चुका. ही संख्या वाढत असल्यास दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो.

या संख्या एकदाच पाहण्यापेक्षा त्या वाढत आहेत का हे पाहणे अधिक उपयुक्त असते. स्मार्टचा एकूण निष्कर्ष 'उत्तीर्ण' असला तरी डिस्क निर्दोष असेलच असे नाही. प्रलंबित सेक्टर असूनही हा निष्कर्ष अनुकूल राहू शकतो. एनव्हीएमई प्रकारच्या साठवणीत या नोंदींऐवजी शिल्लक राखीव जागा, वापरले गेलेले आयुष्य आणि मजकुराच्या अखंडतेतील त्रुटी यांची माहिती मिळते.

डिस्क आणि केबल निर्दोष असूनही विसंगती वारंवार उद्भवत असतील, तर संगणकाच्या स्मृतीची तपासणी आवश्यक ठरते. सदोष स्मृतीत मेटाडेटाचा एखादा बिट बदलला, तर डिस्क तो चुकीचा मेटाडेटा निमूटपणे आणि अचूकपणे लिहून ठेवते. सर्व्हरमध्ये त्रुटी-सुधारक स्मृती वापरण्यामागे हेही एक कारण आहे.

### बिघडत्या डिस्कवरील दुरुस्तीचा धोका

ई२एफएससीकेला एखादा ब्लॉक वाचता आला नाही, तर ती प्रथम त्रुटीकडे दुर्लक्ष करावे का आणि नंतर त्या ब्लॉकवर सक्तीने पुन्हा लिहावे का, असे विचारते. 'होय' म्हटल्यास त्या ठिकाणी नवे लेखन होते. डिस्कही ही संधी साधून खराब सेक्टरऐवजी राखीव सेक्टर वापरू लागते. परिणामी १९७ क्रमांकाची संख्या कमी होते आणि डिस्क सुधारल्यासारखी वाटते. पण त्या सेक्टरमध्ये असलेला मूळ मजकूर कायमचा गेलेला असतो. अनेकदा वाचण्याचा प्रयत्न केल्यास तो कदाचित मिळालाही असता. वाय पर्याय दिला असल्यास हे सर्व निर्णय कोणाच्याही नकळत घेतले जातात.

## दुरुस्तीचा क्रम

वरील कारणांमुळे महत्त्वाची माहिती असलेल्या सर्व्हरवर पुढील क्रम पाळला जातो:

१. फाइल प्रणालीवरील लेखन थांबवणे आणि शक्य असल्यास ती अनमाउंट करणे.

२. कर्नलच्या नोंदी व स्मार्टची माहिती वाचून दोष कोणत्या थरात आहे हे ठरवणे. या नोंदी दुसऱ्या ठिकाणी जतन करणे.

३. दोष केबलचा, वीजपुरवठ्याचा किंवा मांडणीचा असल्यास तो आधी दूर करणे.

४. डिस्क बिघडत असल्यास दुरुस्तीपूर्वी तिची संपूर्ण प्रतिकृती निरोगी डिस्कवर घेणे. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू ही आज्ञावली वापरतात. ती प्रथम सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि मगच अवघड भागाकडे वळते. कोणता भाग मिळाला याची नोंद ती एका नकाशा फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते.

५. प्रतिकृतीवर एन पर्यायाने केवळ तपासणी करून हानीचा अंदाज घेणे.

६. विसंगती मोजक्या असल्यास प्रतिकृतीवर दुरुस्ती करणे. असंख्य असल्यास सुपरब्लॉकची राखीव प्रत वापरून पुन्हा तपासणी करणे.

७. दुरुस्तीनंतर फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी माउंट करून लॉस्ट+फाउंड पाहणे आणि महत्त्वाच्या फाइली बॅकअपशी ताडणे.

बॅकअप ताजा आणि पडताळलेला असल्यास यांतील बराचसा खटाटोप टळतो: डिस्क बदलून नवी फाइल प्रणाली तयार करणे आणि तिच्यावर बॅकअप उतरवणे हा अशा वेळी अधिक जलद व खात्रीचा मार्ग असतो. रेड हा बॅकअपचा पर्याय नाही. तो एका डिस्कच्या बंद पडण्यापासून संरक्षण देतो. परंतु फाइल प्रणालीतील विसंगती किंवा चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवर तितक्याच तत्परतेने उतरते.

## निरनिराळ्या फाइल प्रणालींतील पद्धती

डिस्कची क्षमता वाढत गेली तसा संपूर्ण तपासणीचा कालावधी तासांवर गेला आणि तेवढा वेळ सर्व्हर बंद ठेवणे परवडेनासे झाले. यातून जर्नल पद्धतीचा प्रसार झाला. करावयाचे बदल आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत लिहायचे आणि मग त्यांच्या मूळ जागी न्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. खंड पडल्यास केवळ जर्नलमधील पूर्ण नोंदी पुन्हा अमलात आणल्या जातात आणि ही क्रिया बहुधा काही सेकंदांत आटोपते. एक्स्ट२ मध्ये जर्नलची भर घालून स्टीफन ट्वीडी यांनी तयार केलेली एक्स्ट३ ही प्रणाली २००१ मध्ये लिनक्स कर्नलच्या मुख्य आवृत्तीत आली. एक्स्ट४ ही २००८ मध्ये स्थिर म्हणून घोषित झाली. जर्नलमुळे अर्धवट लेखनातून येणारी विसंगती टळते, मात्र हार्डवेअरच्या दोषातून येणारी टळत नाही. त्यामुळे एफएससीकेची गरज कमी झाली तरी संपली नाही.

सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने विकसित केलेल्या एक्सएफएसमध्ये प्रारंभकाळातील तपासणीची आज्ञा काहीही करत नाही. जर्नल अमलात आणण्याचे काम माउंट करतानाच होते. खरी दुरुस्ती एक्सएफएस रिपेअर ही आज्ञावली करते. जर्नलमध्ये प्रलंबित नोंदी असल्यास ती काम करण्यास नकार देते आणि फाइल प्रणाली आधी माउंट करून पाहण्यास सांगते. एल या पर्यायाने जर्नल पुसून दुरुस्ती करता येते, पण त्यात अलीकडचे बदल गमावले जातात. हा शेवटचा उपाय मानला जातो.

बीएसडी परंपरेत जर्नलऐवजी 'सॉफ्ट अपडेट्स' ही पद्धत पुढे आली. मेटाडेटाच्या लेखनाचा क्रम काटेकोरपणे सांभाळल्यास खंड पडूनही केवळ वाया गेलेली जागा आणि वास्तवापेक्षा जास्त दाखवणारी दुवासंख्या एवढेच दोष उरतात. ते निरुपद्रवी असल्याने फ्रीबीएसडीमध्ये सर्व्हर चालू असताना पार्श्वभूमीवर तपासणी करण्याची सोय झाली.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये विकसित झालेल्या झेडएफएसमध्ये एफएससीके नाहीच. जुन्या ब्लॉकवर न लिहिता नव्या जागी लिहायचे आणि सर्व काही पूर्ण झाल्यावरच मूळ दुवा बदलायचा, ही तिची पद्धत आहे. शिवाय प्रत्येक ब्लॉकची चेकसम वेगळी साठवलेली असते. 'स्क्रब' या क्रियेत सर्व ब्लॉक वाचून त्यांची चेकसम पडताळली जाते. दुसरी प्रत उपलब्ध असल्यास खराब ब्लॉक तिच्यावरून दुरुस्त होतो. मेटाडेटाबरोबर मजकूरही तपासला जातो, हा एफएससीकेपासूनचा महत्त्वाचा फरक आहे. लिनक्सवरील बीटीआरएफएसही याच तत्त्वावर चालते. तिच्यात दुरुस्तीची आज्ञा आहे, परंतु जाणकारांच्या सल्ल्याशिवाय ती वापरू नये अशी सूचना तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेली आहे.

## मर्यादा

एफएससीके फाइलींचा मजकूर तपासत नाही. डेटाबेसच्या फाइलीतील एखादा ब्लॉक बदलला गेला असला तरी आयनोड, डिरेक्टरी आणि बिटमॅप यांचा मेळ बसत असेल, तर तपासणीचा निष्कर्ष 'निर्दोष' असाच येतो. दुरुस्ती यशस्वी झाली याचा अर्थ फाइल प्रणाली पुन्हा वापरण्यास सुरक्षित आहे, एवढाच घ्यायचा असतो. मजकूर शाबूत आहे की नाही हे ठरवण्यासाठी बॅकअप, चेकसम किंवा संबंधित आज्ञावलीची स्वतःची पडताळणी यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा निर्णयाची आहे. दोन नोंदी जुळत नसतील, तर त्यांपैकी खरी कोणती हे आज्ञावलीला निश्चितपणे कळत नाही. ती रचना सुसंगत होईल असा पर्याय निवडते. सुसंगतीसाठी एखादा आयनोड पुसावा लागत असेल, तर त्यातील फाइल अमूल्य आहे की निरुपयोगी, याचा विचार तिला करता येत नाही. तो विचार दुरुस्तीपूर्वी प्रतिकृती घेणाऱ्या व्यवस्थापकानेच करायचा असतो.

## हे सुद्धा पहा

* फाइल प्रणाली
* आयनोड
* रेड
* झेडएफएस
* युनिक्स